सुपेर्गाच्या टेकडीवरील नावे

नोव्हेंबर महिन्यात आपल्या देवळांतून मृतांच्या नावांची यादी वाचली जाते. यादी लांबत जाते, लहान मुले चुळबुळ करू लागतात, तरीही आपल्या घरातले नाव कानी पडल्यावाचून कोणी बाक सोडीत नाही. कामोठ्यासारख्या नव्या वस्तीत वसईची, गोव्याची, मंगळूरची, नगरकडची कुटुंबे एकाच इमारतीत राहतात. येथे तर पुष्कळदा या यादीमधूनच शेजाऱ्याच्या घराण्याची पहिली ओळख होते.

इटलीतील तुरीन शहरालगतच्या एका टेकडीवर दर वर्षी ४ मे रोजी अशीच एक यादी वाचली जाते. ती वाचणारा मात्र धर्मगुरू नसून फुटबॉल संघाचा कर्णधार असतो. २५ डिसेंबर २०२५ रोजी, ऐन नाताळात, आमच्या कामोठ्यापासून जवळच असलेल्या नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमाने ये-जा करू लागली. मैदानात फुटबॉल खेळणारी मुले विमानाचा आवाज आला की खेळ थांबवून वर पाहतात. त्यांच्याकडे पाहताना त्या यादीची आम्हांला हटकून आठवण होते.

तुरीन हे नाव आपल्या वाचकांना परके नाही. संत डॉन बॉस्को यांनी याच शहरातील अनाथ, बेकार मुलांना जवळ केले आणि खेळाचे मैदान हेच आपले पहिले प्रार्थनालय मानले. आपल्या मुलांना घेऊन ते सुपेर्गाच्या टेकडीवर सहलीला जात. ख्रिस्ताचे मानले जाणारे पवित्र प्रेतवस्त्रही याच शहरात जतन केलेले आहे, आणि त्या वस्त्राचा सण ४ मे रोजीच येतो. सुपेर्गाची बॅसिलिका हे एका नवसाचे फळ. १७०६ साली फ्रेंच सैन्याने तुरीनला वेढा घातला असता सव्हॉयचा ड्यूक व्हित्तोरियो आमेदेओ दुसरा याने पवित्र मरियेला नवस केला, वेढा उठला, आणि पुढे सुमारे ६७० मीटर उंचीच्या त्या टेकडीवर युवारा या वास्तुशिल्पीने भव्य मंदिर उभारले. वांद्र्याची मोतमावली डोळ्यांसमोर आणावी, पण टेकडी पुष्कळ उंच आणि हिवाळ्या-पावसाळ्यात ढगांत बुडालेली.

दुसऱ्या महायुद्धाने खचलेल्या इटलीला १९४०च्या दशकात अभिमानाने सांगण्यासारख्या ज्या थोड्या गोष्टी उरल्या होत्या, त्यांपैकी एक म्हणजे तोरिनोचा फुटबॉल संघ. ११ मे १९४७ रोजी तुरीनमध्ये इटलीने हंगेरीला ३-२ असे हरवले, तेव्हा इटलीच्या अकरा खेळाडूंपैकी दहा या एका संघाचे होते. व्हालेंतिनो मात्सोला हा त्यांचा कर्णधार. त्यांना घडविण्यात मोठा वाटा एर्नो एग्री एर्बश्टाइन या हंगेरियन ज्यू प्रशिक्षकाचा होता. १९३८च्या वंशभेदी कायद्यांमुळे त्याला इटली सोडावी लागली, हंगेरीत तो नाझींच्या तावडीतून कसाबसा वाचला, आणि युद्ध संपल्यावर पुन्हा तुरीनला परतला. त्या विमानात तोही होता.

पोर्तुगालच्या बेन्फिका संघाचा कर्णधार फ्रान्सिस्को फेरेइरा याचा मात्सोलाशी स्नेह होता. त्याच्या गौरवार्थ ३ मे १९४९ रोजी लिस्बनला सामना झाला. तोरिनो ३-४ असे हरले. मैत्रीचा सामना, हार-जितीचे कोणाला फारसे वाटले नाही. दुसऱ्या दिवशी संघ परत निघाला. बार्सिलोनाला थांबून तीन इंजिनांचे फियात विमान तुरीनकडे आले, तेव्हा ढग टेकड्यांना टेकले होते आणि पाऊस लागला होता. सायंकाळी पाचच्या सुमारास ते सुपेर्गाच्या बॅसिलिकेच्या मागील बाजूच्या तटबंदीवर आदळले. एकतीस जणांपैकी कोणीही वाचले नाही : अठरा खेळाडू, तीन पत्रकार, चार विमान-कर्मचारी, बाकीचे प्रशिक्षक व संघाचे कार्यकर्ते. बॅसिलिकेचे धर्मगुरू डॉन तांक्रेदी रिक्का आवाज ऐकून धावत बाहेर आले. त्या जागी प्रथम पोहोचलेल्यांपैकी ते एक.

मृतांची ओळख पटविण्याचे काम व्हित्तोरियो पोत्सो यांच्या वाट्याला आले. १९३४ आणि १९३८ असे दोन विश्वचषक इटलीला मिळवून देणारे हे प्रशिक्षक त्या वेळी वृत्तपत्रांत लिहीत असत. तरुण वयात ते स्वतः तोरिनोकडून खेळलेले, आणि मेलेल्यांपैकी अनेकांना राष्ट्रीय संघात त्यांनीच आणलेले. बापाने मुलांची ओळख पटवावी तसा तो प्रकार होता. त्यावर अधिक लिहिण्याचे धैर्य आम्हांला होत नाही.

कोण वाचले, याची हकिकतही चुटपुट लावणारी आहे. गुडघा दुखावल्यामुळे सावरो तोमा घरी राहिला. तो २०१८ सालापर्यंत जगला, आणि संघातला मागे राहिलेला हीच त्याची ओळख अखेरपर्यंत टिकली. राखीव गोलरक्षक म्हणून गान्दोल्फीऐवजी दीनो बाल्लारिनला घेण्यात आले. त्याचा भाऊ आल्दो संघात होताच. त्यामुळे यादीत बाल्लारिन हे नाव दोनदा येते. रेडिओवरचे नामांकित समालोचक निकोलो कारोझिओ मुलाच्या दृढीकरण संस्कारासाठी थांबले आणि बचावले. हा देवाचा हात म्हणावा, तर बाल्लारिन बंधूंच्या घरी काय सांगावे? आम्ही त्या फंदात पडत नाही.

६ मे रोजी शवपेट्या पलाझ्झो मादामा या जुन्या राजवाड्यातून निघाल्या, तेव्हा पाच लाखांहून अधिक माणसे रस्त्यांवर होती. त्या वर्षीच्या अजिंक्यपद स्पर्धेतील चार सामने अजून उरले होते. तोरिनोने आपली कुमार मुले मैदानात उतरविली. आणि जेनोआ, पालेर्मो, साम्पदोरिया, फ्योरेन्तिना या चारही प्रतिस्पर्धी संघांनी आपले पहिल्या दर्जाचे खेळाडू बाजूला ठेवून त्यांच्यासमोर आपापली कुमार मुलेच खेळविली. तोरिनोची मुले चारही सामने जिंकली, आणि अजिंक्यपद सलग पाचव्यांदा त्यांच्याकडेच राहिले. त्याच महिन्याच्या २६ तारखेला अर्जेंटिनाचा रिव्हर प्लेट संघ मृतांच्या कुटुंबांच्या मदतीसाठी सामना खेळण्यास अर्धे जग ओलांडून तुरीनला आला.

येथे अलीकडच्या एका घटनेची तुलना मनात येते. २१ जानेवारी २०१९ रोजी एमिलियानो साला हा अठ्ठावीस वर्षांचा अर्जेंटिनाचा खेळाडू फ्रान्सच्या नान्त संघाकडून वेल्सच्या कार्डिफ संघाकडे जाताना एका इंजिनाच्या छोट्या विमानासह इंग्लिश खाडीत कोसळला. त्याचा मृतदेह समुद्राच्या तळातून काढण्यात आला, वैमानिकाचा सापडलाच नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुलामागोमाग वडीलही गेले. इकडे दोन्ही संघांचा वाद सुरू झाला : हस्तांतराचे एक कोटी सत्तर लाख युरो ठरले होते, ते द्यावे लागतात की नाही? क्रीडा लवादाने २०२२ साली पहिला हप्ता देण्याचा निर्णय कायम केला, त्यानंतरही भांडण न्यायालयांत चालू राहिले. करार पाळला जावा हे न्याय्यच आहे, आणि ज्याचे नुकसान झाले त्याने दाद मागू नये असे आमचे म्हणणे नाही. तरीही १९४९च्या त्या चार संघांसमोर ही फिर्याद ठेवली की मान खाली जाते.

म्हणून १९४९ नंतर सारे चांगलेच झाले असे मात्र नाही. इटलीचा राष्ट्रीय संघ १९५०च्या विश्वचषकासाठी विमानाने जाण्यास धजला नाही. बोटीने ब्राझीलला गेला, डेकवर सराव करताना चेंडू समुद्रात पडत राहिले, आणि विश्वविजेते म्हणून आलेला तो संघ पहिल्याच फेरीत बाद झाला. तोरिनो संघाची तर रयाच गेली. दहा वर्षांत, १९५९ साली, तो खालच्या श्रेणीत घसरला. पुन्हा अजिंक्यपद मिळाले ते १९७६ साली, एकदाच. मधल्या काळात, १९६७ मध्ये, जिजी मेरोनी हा त्यांचा लाडका खेळाडू रस्त्यावरील अपघातात गेला. सुपेर्गावर आदळलेल्या विमानाच्या वैमानिकाचे आडनावही मेरोनीच होते. तुरीनची माणसे हा योगायोग अजूनही हळू आवाजात सांगतात.

कर्णधार मात्सोला वारला तेव्हा त्याचा थोरला मुलगा सांद्रो सहा वर्षांचा होता. पुढे इंटर मिलानचा बेनितो लोरेंत्सी, ज्याला ‘विष’ म्हणत, त्याने या पोरक्या मुलाला व त्याच्या धाकट्या भावाला हाताशी धरून आपल्या संघाच्या मैदानावर नेले. सांद्रो तेथेच वाढला. १० जून १९६१ रोजी इंटरने निषेध म्हणून युव्हेंटसविरुद्ध कुमार संघ उतरविला आणि तो १-९ असा हरला. तो एकमेव गोल सांद्रोचा होता. २७ मे १९६४ रोजी व्हिएन्नात युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यात इंटरने रेआल माद्रिदला ३-१ असे हरविले, त्यांतले दोन गोल सांद्रोचे. सामना संपल्यावर माद्रिदचा फेरेन्त्स पुश्काश त्याच्याजवळ आला आणि त्याने आपला सदरा काढून दिला. आपण तुझ्या वडिलांविरुद्ध खेळलो आहोत आणि तू त्यांना शोभतोस, अशा अर्थाचे तो बोलला. १९४७च्या त्या सामन्यात पुश्काश हंगेरीकडून खेळला होता.

बॅसिलिकेच्या मागे, विमान आदळले त्या जागी, आज स्मृतिशिला आहे. दर ४ मे रोजी वर देवळात मिस्सा होते. सलेशियन धर्मगुरू डॉन आल्दो राबिनो यांनी संघाचे आध्यात्मिक गुरू म्हणून कित्येक वर्षे ती अर्पण केली. २०१५ साली ते वारले, आणि त्यांच्या जागी दुसरे धर्मगुरू आले. मिस्सेनंतर माणसे शिलेपाशी जमतात. संघाचा त्या वर्षीचा कर्णधार पुढे होतो. तो इटालियनच असतो असे नाही, आणि त्या अठरा जणांना खेळताना पाहणेही त्याच्या वयाला शक्य नसते. तो कागद उघडतो आणि एकेक नाव वाचू लागतो : बाचिगालुपो, बाल्लारिन, बाल्लारिन...