बाणाचा वेग कोणी ठरविला?

डोंबिवलीहून रोज सकाळी मुंबईकडे जाणाऱ्या माणसाला वेग आणि त्वरण यांतील भेद पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातून शिकावा लागत नाही. गाडी ठाणे मागे टाकून भरधाव चालली असता तो कशालाही न धरता उभा राहतो आणि खुशाल वर्तमानपत्र वाचतो; परंतु तीच गाडी फलाट सोडताना हिसका देऊन निघाली, की तो शेजाऱ्याच्या अंगावर जातो. गाडी किती वेगाने चालली आहे याची शरीराला फारशी क्षिती नसते. तो वेग किती झपाट्याने बदलतो आहे याची मात्र असते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी आली, पुढच्याच वर्षी रूळ कल्याणास पोचले, आणि तेव्हापासून आमच्या या भागातील लोक पिढ्यान्‌पिढ्या हा धडा उभ्याउभ्याने गिरवीत आले आहेत.

आज मला याच दोन गोष्टींविषयी बोलावयाचे आहे. मात्र आगगाडीच्या संदर्भात नव्हे, तर संगणकाच्या पडद्यावर धावणाऱ्या त्या इवल्याशा बाणाच्या संदर्भात. संत आणि शिवकाल यांच्या पंक्तीस हा विषय बसविला म्हणून कोणी नाक मुरडले असेल तर त्यात त्यांचा दोष नाही. मीही वीस वर्षांपूर्वी हेच केले असते. पण माऊस टेबलावर एक इंच सरकविला तर पडद्यावरचा बाण किती सरकावा, या प्रश्नाला निसर्गाने दिलेले उत्तर नाही. ते कोणी तरी, कोठे तरी, काही कारणाने ठरविले. ज्या गोष्टी माणसांनी ठरविल्या आहेत त्यांना इतिहास असतो, आणि तो ठाऊक नसला म्हणजे त्या गोष्टी दैवाने दिल्यासारख्या वाटू लागतात.

साधन हाताला जुळवून घेण्याची विद्या आपल्याकडे नव्हती असे मुळीच नाही. १८६६ साली ठाण्याहून ‘अरुणोदय’ पत्र निघू लागले. त्या काळापासून पुढे शंभर वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ मराठी मजकूर मुख्यतः खिळे जुळवून छापला गेला. ज्यांनी जुना छापखाना पाहिला आहे त्यांना जुळाऱ्याच्या पुढ्यातील खणांची मांडणी आठवत असेल. देवनागरीचे काने, मात्रा, वेलांट्या, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे मिळून घरे शेकडो. परंतु जे अक्षर घडोघडी लागते त्याचे घर मोठे आणि हाताजवळ, आणि जे क्वचित लागते त्याचे घर लहान आणि दूर. नव्या उमेदवारास ही मांडणी पाठ करण्यास महिने लागत. पण एकदा ती हातात बसली की जुळारी नजर हस्तलिखितावर ठेवून खिळे उचलीत असे, कारण ‘क’चे घर काल जेथे होते तेथेच आजही असे. हे ‘तेथेच असणे’ पुढील विवेचनासाठी कृपा करून ध्यानात ठेवावे.

जुळाऱ्यांना अनुभवाने ठाऊक असलेली ही गोष्ट १९५४ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी मोजून सिद्ध केली. त्यांनी माणसांच्या हाती धातूची एक कांडी दिली आणि समोरच्या दोन पट्ट्यांवर आळीपाळीने ती टेकविण्यास सांगितले. पट्ट्यांमधील अंतर वाढविले की वेळ वाढे. पट्ट्या अरुंद केल्या की तोही वाढे. अंतर आणि रुंदी यांच्या गुणोत्तराशी या वेळेचा निश्चित गणिती संबंध असतो असे त्यांनी दाखविले. फिट्स यांच्या डोळ्यांपुढे संगणक नव्हता. तरीही संगणकावर खूण कशी करावी याविषयीचे पुढील सर्व संशोधन याच पायावर उभे राहिले आहे.

माऊसचा जन्म त्यानंतर दहा वर्षांनी, १९६४च्या सुमारास, कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत झाला. कल्पना डग्लस एंजेलबार्ट यांची आणि प्रत्यक्ष घडण बिल इंग्लिश यांची. लाकडाचा एक ठोकळा, त्याच्या पोटात परस्परांशी काटकोनात बसविलेली दोन चाके आणि वर एक कळ, एवढेच त्याचे रूप होते. एक चाक आडवी हालचाल मोजी, दुसरे उभी. याच्याही आधी, १९५२ साली, कॅनडाच्या नौदलासाठी काम करणाऱ्या अभियंत्यांनी खेळातील एक चेंडू जागच्या जागी फिरवून पडद्यावरची खूण हलविण्याची युक्ती काढली होती. तिला माऊसचा थोरला भाऊ म्हणता येईल. पण ते साधन लष्करी गुप्ततेत राहिले. त्याच सुमारास आमच्या मुंबईतही हालचाल चालू होती. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा संगणक सुरू झाला आणि त्याला चित्र दाखविणारी नळीही जोडलेली होती. मात्र त्या नळीवर बोट ठेवून यंत्राला ‘हे’ असे सांगण्याची सोय नव्हती. यंत्राशी बोलावयाचे ते कागदी फितीच्या द्वारे.

एंजेलबार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली निरनिराळ्या साधनांची तुलना प्रसिद्ध केली. सरावलेल्या माणसांच्या हाती माऊस सर्वांत सरस ठरला, ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. तिचा दुसरा अर्धा भाग कोणी सांगत नाही. नवख्या माणसांच्या बाबतीत प्रकाशलेखणी आणि गुडघ्याने चालवावयाचे एक साधन ही माऊसहून थोडी जलद निघाली! गुडघा आधीच जागेवर असतो, साधन शोधण्यासाठी हात न्यावा लागत नाही, हे त्याचे एक कारण. ते काही असो. सराईताची सोय आणि नवख्याची सोय या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे माऊसच्या जन्मपत्रिकेतच लिहिलेले होते. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंजेलबार्ट यांनी सुमारे हजार श्रोत्यांसमोर माऊस चालवून दाखविला. पेटंट १९७० साली मिळाले आणि माऊस घरोघर पोचण्यापूर्वीच त्याची मुदत संपली. एंजेलबार्ट यांना त्यातून धन मिळाले नाही.

पुढे १९७२च्या सुमारास झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात चाकांच्या जागी गोळी आली, आणि त्याच केंद्रातील कार्ड, इंग्लिश आणि बर या तिघांनी १९७८ साली दाखवून दिले की माऊसने खूण करावयास लागणारा वेळ फिट्स यांच्या नियमाप्रमाणेच चालतो, आणि मोकळ्या हाताने बोट ठेवण्याच्या वेळेशी तो जवळजवळ बरोबरी करतो. म्हणजे विलंब होतो तो हाताचा आणि मेंदूचा. यंत्राकडे दोष फारसा उरला नव्हता.

मग त्वरण कोठून आले? ते आले टेबलाच्या टंचाईतून. हा हिशोब सोपा आहे. माऊस आपली हालचाल बारीक मापांनी मोजून संगणकास कळवितो. एका इंचात २०० मापे मोजणारा माऊस घेतला आणि एका मापाला पडद्यावरचा एक ठिपका असे प्रमाण ठेविले, तर ६४० ठिपक्यांचा जुना पडदा ओलांडण्यास तीन इंचांहून थोडी अधिक जागा लागे. तोच माऊस आजच्या १९२० ठिपक्यांच्या पडद्यावर साडेनऊ इंच, म्हणजे वीतभराहून जास्त जागा मागेल. पडदे वाढत गेले. टेबले वाढली नाहीत. आमच्या डोंबिवलीतील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात तर संगणकाचे टेबल म्हणजे भिंत आणि कपाट यांच्यामधली फट! त्यातील सरकत्या फळीवर कळफलक मावला की माऊसच्या वाट्याला उरेल ते तळहाताएवढे. तेव्हा युक्ती अशी निघाली: हात सावकाश सरकला तर बाणाने सावकाश जावे; हात झपकन सरकला तर त्याच अंतराला बाणाने दुप्पट किंवा चौपट उडी घ्यावी.

१९८४च्या मॅकिंटॉशमध्ये ही सोय होतीच. त्याच्या नियंत्रण-फलकावर शब्दांऐवजी चित्रे होती, आणि कळ दाबून धरली असता अक्षर किती जलद उमटावे यासाठी तेथे ससा आणि कासव काढलेले होते. आपल्या लहानपणची गोष्ट अशी परदेशी यंत्रावर भेटली म्हणजे मौज वाटते. विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांत दोन उंबरठे होते. हाताची गती पहिला उंबरठा ओलांडी तेव्हा बाणाची चाल दुप्पट होई, दुसरा ओलांडला की चौपट. मधले काही नाही, हिसकाच. २००१ साली आलेल्या एक्सपी आवृत्तीत हे उंबरठे काढून त्या जागी सलग वाढणारा चढ बसविला, आणि त्याला ‘बाणाची अचूकता वाढवा’ अशा अर्थाचे नाव दिले. त्या चौकटीत बरोबरची खूण कारखान्यातूनच केलेली येते. हे नाव सर्वस्वी खोटे नाही, कारण हात अगदी सावकाश चालला तर बाण खरोखरच अधिक संथ होतो. पण त्या नावावरून आत त्वरण बसले आहे हे कोणाच्या बापाला कळणार? त्याच पानावर वेगाची अकरा खुणांची सरकपट्टी असते. ती मध्यावर, सहाव्या खुणेवर ठेविली आणि चौकटीतील खूण पुसली, म्हणजे माऊसच्या एका मापाला एक ठिपका असे सरळ प्रमाण मिळते.

त्वरणाने काम जलद होते काय? १९९० साली जेलिनेक आणि कार्ड यांनी प्रयोग करून सांगितले की वेळेत लाभ आढळत नाही. जागा मात्र कमी लागते. २००८ साली दुसऱ्या काही संशोधकांना थोडा लाभ आढळला, विशेषतः लक्ष्य लहान असताना. तज्ज्ञांचा हा वाद थोडक्याचा आहे. नवशिक्याच्या दृष्टीने प्रश्न निराळाच आहे. त्याच्या हाताने अजून काहीच पाठ केलेले नाही. आज तो दोन इंच सरकवितो आणि बाण खुणेच्या अलीकडे थांबतो. लगेच पुन्हा तेवढेच दोन इंच, पण जरा घाईने, सरकवितो तर बाण पडद्याच्या काठाला जाऊन आपटतो. हाताच्या एकाच कृतीला यंत्र दोन उत्तरे देते. जुळाऱ्याच्या खणातील ‘क’चे घर जर तो हात किती घाईने नेतो यावर जागा बदलू लागले असते, तर कोणता उमेदवार टिकला असता?

हे मी आज शहाणपणाने सांगतो आहे. पण ज्या वेळी सांगावयास हवे होते त्या वेळी मला ते ठाऊक नव्हते. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले, एमएस-सीआयटीचे वर्ग गल्लोगल्ली निघाले, आणि शासकीय नोकरीत संगणक-साक्षरतेचे प्रमाणपत्र आवश्यक झाले. बँकांमध्ये १९८३च्या करारापासून संगणक हळूहळू शिरत होता; आता तो प्रत्येक टेबलावर आला. ठाणे, कल्याण, डोंबिवली ही कारकुनांची आणि शिक्षकांची गावे. पन्नाशीला आलेली माणसे संध्याकाळी गाडीतून उतरून तशीच वर्गात येत. असल्याच एका लहानशा वर्गात २००३ साली मी शिकवीत असे. वीज गेली की इन्व्हर्टरवर दोन यंत्रे चालत. पावसाळ्यात माऊसची गोळी ओलसर होई, आतल्या रुळांवर मळ बसे, आणि तो नखाने खरवडून काढणे हे माझ्या अध्यापनाचे एक अंग होते.

कुणाचा बाण जागेवर थांबत नसे. मी सांगे, “काका, हात हलका ठेवा.” तरीही जमले नाही तर पत्त्यांचा खेळ लावून देई, पाने उचलून ठेवता ठेवता माऊसचा सराव होतो अशी तेव्हा सर्वत्र समजूत होती, आणि १९९० साली विंडोजमध्ये तो खेळ घातला गेला तेव्हा तसा हेतू होता असेही सांगत. एका गृहस्थांचे अक्षर छापल्यासारखे होते. तीस वर्षे त्यांनी खातेवह्या लिहिल्या होत्या, एक आकडा ओळीबाहेर गेला नव्हता. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी उजवा हात माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, “सर, हा आता कामातून गेला.” मी त्यांना धीर दिला आणि पुन्हा पत्ते लावून दिले. चौथ्या आठवड्यापासून ते आले नाहीत. पुढे त्यांनी मुदतीपूर्वी निवृत्ती घेतली असे कानावर आले. त्याला कारणे अनेक असतील. त्यांतले एक माझ्या वर्गात घडले असावे, असे मला वाटत राहते.

त्यानंतर काही महिन्यांनी, दुसरेच काही शोधत असता, मी नियंत्रण-फलकातील ते पान उघडले. वेगाची पट्टी ‘जलद’ या टोकाला होती. शेजारचे यंत्र पाहिले, तेही तसेच. बहुधा रात्री बंदुकीचे खेळ खेळणाऱ्या पोरांपैकी कोणी तरी ती सरकविली असावी, आणि आम्ही कोणीच कधी पाहिले नव्हते. मी एकेक यंत्र घेऊन सर्व पट्ट्या खाली आणल्या. सगळ्याला मिळून पाव तासही लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या तुकडीत एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी बाण नेला, खुणेवर ठेविला आणि कळ दाबली. मग माझ्याकडे वळून विचारले, “सर, नवे माऊस आणले का?”

मी ‘हो’ म्हणालो.