चावडी आणि दवंडी
मुळशी तालुक्यातील चांद्यासारख्या गावांत छापील वृत्तपत्र रुळण्यापूर्वी बातमी चावडीवर, म्हणजे पाटील-कुलकर्णी गावचा कारभार पाहत त्या जागी, कळे. आणि दवंडी, म्हणजे वाद्य वाजवून दिलेली जाहीर वर्दी, देण्याचे काम बहुधा महार वतनदाराकडे असे, ज्याच्या आवाजावर गाव विसंबे पण ज्याला बरोबरीने बसू देत नसे. १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशी सत्याग्रह उभा राहिला, तेव्हा एरवी सारा आणि जप्तीपुरता दप्तरात उरणारा हा मुलूख स्वतःच बातमी झाला आणि सत्याग्रहाचे नेते सेनापती बापट यांचे नाव मुळशीशी कायमचे जोडले गेले. दवंडीमागची वतनी सक्ती, म्हणजे वतनाच्या मोबदल्यात गावकाम करण्याची बांधिलकी, मात्र १९५८ च्या वतन-निर्मूलन कायद्यापर्यंत कायद्याने टिकून होती.