रिकाम्या बाटलीची कथा

प्रवासाला निघतांना पाणी बरोबर घेण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. आगगाडीच्या प्रवासांत फिरकीचा तांब्या किंवा मातीचा खुजा जवळ नसला, तर घरांतील वडीलधाऱ्या माणसांना चैन पडत नसे. खुज्याच्या अंगांतून पाणी झिरपून वाळे व आंतील पाणी गार राही; तांब्या मात्र उन्हाबरोबर तापे. आज विमानानें जाणाऱ्या प्रवाशाच्या हातीं या दोहोंच्या जागीं पोलादी थर्मास दिसतो. पण परदेशीं जाणारा हा प्रवासी तपासणीच्या दाराशीं येतो आणि बाटलींतलें पाणी ओतून देतो. ही बाटली आली कोठून आणि ती रिकामी करण्याची पाळी कां आली, तें आज सांगावयाचें आहे.

गेल्या शतकाच्याहि मागें, १८९० च्या सुमारास, लंडन येथील रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें जेम्स ड्यूअर हे स्कॉटिश शास्त्रज्ञ वायूंना द्रवरूप देण्याच्या उद्योगांत गढले होते. द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंश सेंटिग्रेडवर उकळूं लागतो. त्याच्या दृष्टीनें आपली साधी खोली म्हणजे धगधगती भट्टीच! मोठ्या सायासानें मिळविलेला हा द्रव पाहतां पाहतां उडून जाई. १८९२ सालीं ड्यूअर यांनीं कांचेच्या एका भांड्यांत दुसरें भांडें बसविलें, दोहोंचीं तोंडें सांधलीं आणि मधल्या पोकळींतील हवा काढून घेतली.

उष्णता तीन वाटांनीं प्रवास करते: वहन, अभिसरण आणि प्रारण. पहिल्या दोन वाटांना कांहीं तरी द्रव्याचा आधार लागतो. निर्वात पोकळींत तो मिळत नाहीं. तिसऱ्या वाटेवर चांदीचा मुलामा आरशासारखा उभा राहतो आणि आलेली उष्णता परतवितो. उरतें तें केवळ बाटलीचें तोंड व बूच. आंतली उष्णता बाहेर जात नाहीं आणि बाहेरची आंत येत नाहीं. म्हणून जें भांडें गार वस्तु गार ठेवतें, तेंच ऊन वस्तु ऊन ठेवतें. या भांड्याचें सारें सामर्थ्य त्याच्या रिकामेपणांत आहे.

१८९८ सालीं ड्यूअर यांनीं हायड्रोजनहि द्रवरूप केला. परंतु या भांड्याचें एकस्व त्यांनीं घेतलें नव्हतें, त्यामुळें बाजारांतील लाभ दुसऱ्यांच्या पदरीं पडला. बर्लिनचे काचकारागीर राइनहोल्ड बर्गर यांनीं नाजूक कांचेला धातूचें कवच चढविलें, आणि १९०४ पासून ‘थर्मास’ हें ग्रीक मुळाचें नांव घेऊन ही बाटली घरोघर फिरूं लागली. १९१३ सालीं अमेरिकेंत विल्यम स्टॅन्ली यांनीं संपूर्ण पोलादी बाटली सिद्ध केली आणि कांच फुटण्याची धास्ती सरली. आपल्याकडे तर आजाऱ्यासाठीं रुग्णालयांत नेलेल्या चहापेजेशीं थर्मासाचें नातें जडलें आहे.

आतां दुसरा प्रश्न. १० ऑगस्ट २००६ रोजीं ब्रिटिश पोलिसांनीं एक कट उघडकीस आणला. शीतपेयांच्या बाटल्यांतून स्फोटक द्रव नेऊन अमेरिका व कॅनडाकडे जाणारीं विमानें आकाशांत उडवून देण्याचा तो बेत होता. क्षकिरणांच्या यंत्राला बाटलीचा आकार दिसे. आंत पाणी आहे कीं दुसरें कांहीं, हें त्या वेळच्या यंत्रांना खात्रीनें सांगतां येत नसे. म्हणून त्याच वर्षाच्या ६ नोव्हेंबरपासून युरोपीय संघानें हातसामानांतील द्रवाच्या प्रत्येक भांड्यास १०० मिलिलिटरची मर्यादा घातली, आणि इतर अनेक देशांनींहि तोच मार्ग धरला. येथें मोजलें जातें तें भांडें, आंतील द्रव नव्हे. लिटरभराच्या बाटलीच्या तळाशीं घोटभर पाणी उरलें असलें, तरी तें चालत नाहीं. रिकाम्या बाटलीस मात्र अडथळा नाहीं. अलीकडे कांहीं विमानतळांवर नवीं यंत्रें आल्यानें हा नियम सैल होऊं लागला आहे.

नियमामागील भीति खरी होती, हें मान्य केलें पाहिजे. पण तहानहि खरीच आहे. विमानांतील हवेची आर्द्रता बहुधा शेंकडा २० हून कमी असते, आणि तेथील हवेचा दाब १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरील दाबाएवढा, म्हणजे महाबळेश्वराहूनहि उंच जागेचा असतो. जमिनीवर घट्ट मिटलेली नळीची बाटली वर उघडतांच पाण्याची चिळकांडी उडते, ती यामुळेंच. झांकण आधीं हळूच सैल करावें.

आपल्याकडे उन्हाळ्यांत रस्त्याकडेला पाणपोई घालणारा मनुष्य वाटसरूकडून मोल घेत नाहीं. जो नियम प्रवाशाच्या हातचें पाणी ओतावयास लावतो, त्या नियमाच्या चालकांवर दाराच्या पलीकडे नळ ठेवण्याचें ऋण चढतें. पुष्कळ विमानतळांनीं तें फेडलें आहे. जेथें नळ हुडकीत हिंडावें लागतें, तेथें प्रवासी दुकानांतील पाणी विकत घेतो आणि तासाभरानें ती बाटली टाकून देतो. ड्यूअर यांच्या बाटलीला आंतलें सांभाळण्यासाठीं भिंतींमधली पोकळी पुरते. पण बाटलीच्या पोटांतला रिकामेपणा कोणी तरी भरून काढावाच लागतो.