गोळी रात्रीचीच का?

सत्तरीच्या आसपासची चार माणसं एकत्र बसली की पाऊसपाण्यानंतर विषय निघतो तो गोळ्यांचा. त्यात कोलेस्टेरॉलच्या गोळीचा एक नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो : ती रात्रीच घ्यायची. का, म्हणून विचारलं तर उत्तर मिळतं, "तसंच सांगतात." जन्मभर मुलांना "का?" विचारायला शिकवल्यावर ह्या उत्तरावर समाधान कसं मानायचं? ह्या नियमाला चांगला पन्नास वर्षांचा इतिहास आहे. तो सुरू होतो बुरशीपासून.

बुरशी म्हटलं की आपण कोकणातली माणसं नाक मुरडतो. पावसाळ्यात चपलांपासून पुस्तकांपर्यंत तिचंच राज्य! पण जपानात अकिरा एंडो नावाच्या शास्त्रज्ञाने तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. ते १९३३ साली एका शेतकरी कुटुंबात जन्मलेले. पेनिसिलिनच्या कथेने भारलेले. त्यांचा तर्क असा, की एखादी बुरशी स्वतःच्या बचावासाठी दुसऱ्या सूक्ष्मजीवांची कोलेस्टेरॉलसारखी द्रव्यं बनूच देत नसेल. १९७१ पासून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सहा हजारांवर बुरश्या तपासल्या. १९७३ साली क्योटोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरच्या निळसर हिरव्या बुरशीत हवं ते द्रव्य सापडलं. तेच पहिलं स्टॅटिन. एंडो २०२४ साली नव्वदाव्या वर्षी गेले.

आता वेळेचा प्रश्न. आपल्या शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल खाण्यातून येत नाही, ते शरीर स्वतःच बनवतं. त्यात यकृताचा वाटा मोठा. हे काम दिवसभर एका गतीने चालत नाही, रात्री वाढतं आणि मध्यरात्रीनंतर सर्वांत जोरात असतं. पोफळीकरांना हे समजवायला नकोच. शिवसागराचं पाणी १९६२ पासून आपल्या डोंगराच्या पोटातल्या पॉवर हाऊसमध्ये येतं, पण जनित्रं काही चोवीस तास सारखी चालत नाहीत. विजेची मागणी वाढली की जोरात, ओसरली की मंद. यकृताची जोराची वेळ रात्रीची, एवढंच.

स्टॅटिन ह्या कारखान्यातलं एक महत्त्वाचं एन्झाइम अडवतं. मग यकृत स्वतःची गरज भागवायला रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. पण सुरुवातीची औषधं अल्पजीवी होती. १९८७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं लोवास्टॅटिन, पाठोपाठ आलेलं सिमवास्टॅटिन, दोन्ही काही तासांतच रक्तातून ओसरतात. सकाळी घेतलं तर ऐन रात्री पहाऱ्यावर कोण? म्हणून ती संध्याकाळी. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियातल्या मोठ्या चाचणीत ४४४४ हृदयरोग्यांपैकी निम्म्यांना सिमवास्टॅटिन दिलं, तेही संध्याकाळच्या जेवणाआधी. त्या गटात मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाले. औषधाची कीर्ती झाली आणि त्याबरोबर वेळेचा नियमही जगभर पोचला.

पुढे औषधं बदलली. १९९६ साली ॲटोरव्हास्टॅटिनला अमेरिकेत मान्यता मिळाली, २००३ साली रोझुव्हास्टॅटिनला. आज आपल्याकडच्या चिठ्ठ्यांवर बहुतेक ह्याच दोघांची नावं असतात. पहिल्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे चौदा तास लागतात, दुसऱ्याचं सुमारे एकोणीस. म्हणजे सकाळी घेतलेली गोळी रात्रीही कामावर हजर! ह्या दोन्ही गोळ्या दिवसा कधीही, जेवणाआधी वा नंतर घेतल्या तरी चालतात. नियमामागचं कारण गेलं, नियम मात्र राहिला.

राहिला तर राहू दे, बिघडलं कुठे, असं कुणी म्हणेल. बिघडतं ते असं : सकाळच्या चहाबरोबर रक्तदाबाची गोळी आठवणीने घेतली जाते, पण रात्री टीव्हीसमोरच डोळा लागतो आणि ही राहते. सकाळी आठवण होते, पण "रात्रीची गोळी सकाळी कशी घ्यायची?" म्हणून दिवस कोरडा जातो. रात्रपाळी करणाऱ्याचा तर सगळाच घोळ. कोलेस्टेरॉल दुखत नाही, खुपत नाही, त्यामुळे चुकलेल्या गोळ्यांचा हिशोब कुणी ठेवत नाही. तो एकदम मांडला जातो, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झाल्यावर.

तेव्हा एवढंच करा. पाकिटावर कंपनीच्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरांत औषधाचं खरं नाव असतं, ते चष्मा लावून वाचा. सिमवास्टॅटिन असेल तर संध्याकाळच बरी. ॲटोरव्हास्टॅटिन किंवा रोझुव्हास्टॅटिन असेल आणि रात्रीची वारंवार विसरत असाल, तर "सकाळी घेऊ का?" असं डॉक्टरांना विचारा. एखादा दिवस चुकलाच तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. आणि आपल्या मनाने बंद तर अजिबात करू नका.

गोळीची उत्तम वेळ म्हणजे जी आपल्याला रोज आठवते ती.