रीजन्सी कालप्रवास प्रणयकादंबरी

रीजन्सी कालप्रवास प्रणयकादंबरी हा इंग्रजी लोकप्रिय कथासाहित्यातील एक उपप्रकार आहे. आधुनिक काळातील व्यक्ती, बहुधा स्त्री, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्लंडमध्ये जाऊन पोहोचते, किंवा त्या काळातील व्यक्ती आपल्या काळात येते, आणि त्यातून प्रेमकथा घडते, असे तिचे स्थूल स्वरूप असते. ऐतिहासिक कादंबरी आणि विज्ञानकथा या दोहोंशी तिचे नाते आहे. मात्र कालप्रवास कसा घडला याचे शास्त्रीय स्पष्टीकरण देण्याची निकड या प्रकारातील लेखकांना क्वचितच वाटते.

काळ

राजा तिसरा जॉर्ज मानसिक आजारामुळे राज्यकारभार पाहण्यास असमर्थ ठरल्यावर ५ फेब्रुवारी १८११ रोजी त्याचा पुत्र राजप्रतिनिधी झाला. २९ जानेवारी १८२० रोजी राजाच्या मृत्यूने ही व्यवस्था संपली. या नऊ वर्षांना ‘रीजन्सी’ म्हणतात. ‘राजप्रतिनिधित्वाचा काळ’ असा अर्थवाही मराठी शब्दप्रयोग शक्य असला, तरी साहित्यप्रकाराचे नाव म्हणून मूळ शब्दच रूढ आहे. ललित साहित्यात या काळाच्या सीमा बऱ्याच सैल धरल्या जातात. वॉटर्लूची लढाई (१८१५) याच काळातील. तेथील विजेता वेलिंग्टन हा पूर्वी असईच्या लढाईत (१८०३) मराठ्यांविरुद्ध लढलेला आर्थर वेलस्ली होय. १८१८ साली पेशवाईचा अंत झाला तेव्हा लंडनमध्ये रीजन्सीच चालू होती. या कादंबऱ्यांतील नृत्यसमारंभांत त्याची चाहूल बहुधा लागत नाही.

पूर्वपीठिका

जेन ऑस्टिन (१७७५–१८१७) हिच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) आदी कादंबऱ्या या प्रकाराचा मूलस्रोत असल्या, तरी त्या तिच्या दृष्टीने समकालीन होत्या. त्या काळाला ‘ऐतिहासिक’ रूप देऊन प्रणयकादंबरीचा साचा घडवला तो जॉर्जेट हेयर या लेखिकेने. तिची ‘रीजन्सी बक’ १९३५ साली प्रसिद्ध झाली. कालप्रवासाचा प्रवाह निराळा आहे. मार्क ट्वेन (१८८९) आणि एच. जी. वेल्स (१८९५) यांनी तो रुजवला. त्याला प्रेमकथेची यशस्वी जोड मिळाली ती पुढे ज्यूड डेव्हरॉ यांच्या ‘अ नाइट इन शायनिंग आर्मर’ (१९८९) आणि डायना गॅबल्डन यांच्या ‘आउटलँडर’ (१९९१) या कादंबऱ्यांनी. या दोन्हींचा काळ रीजन्सीपूर्वीचा आहे.

प्रमुख कृती

लॉरी व्हिएरा रिग्लर यांच्या ‘कन्फेशन्स ऑफ अ जेन ऑस्टिन ॲडिक्ट’ (२००७) मध्ये लॉस एंजेलिसची कोर्टनी १८१३ सालच्या इंग्लंडमध्ये दुसऱ्याच तरुणीच्या देहात जागी होते. तेथील अस्वच्छता, दुर्गंधी आणि रक्त काढण्याचे उपचार पाहून तिचे पुस्तकी आकर्षण ओसरू लागते. २००९ मधील पुढील भागात ती रीजन्सी तरुणी आधुनिक लॉस एंजेलिसमध्ये अवतरते. बी रिजवे यांच्या ‘द रिव्हर ऑफ नो रिटर्न’ (२०१३) मध्ये सालामांकाच्या रणांगणावरील उमराव एकविसाव्या शतकात येऊन पडतो आणि काही वर्षांनी, नवे संस्कार घेऊन, १८१५ मध्ये परततो. ज्युली मॅकएल्वेन यांच्या ‘अ मर्डर इन टाइम’ (२०१६) पासून सुरू झालेल्या मालिकेत प्रणयाला गुन्हेशोधाची जोड आहे.

कॅथलीन ए. फ्लिन यांची ‘द जेन ऑस्टिन प्रोजेक्ट’ (२०१७) विशेष विचारपूर्वक लिहिलेली आहे. भविष्यकाळातील दोन प्रवासी ऑस्टिनची ‘द वॉटसन्स’ ही कादंबरी आणि तिची पत्रे मिळवण्यासाठी १८१५ च्या लंडनमध्ये जातात. वस्तुस्थिती अशी, की ‘द वॉटसन्स’ ऑस्टिनने अपुरी सोडली, आणि तिची बहुतेक पत्रे बहीण कॅसॅन्ड्रा हिने नष्ट केली. सुमारे १६० उरली. नायिका रेचल डॉक्टर आहे. इतिहासात ढवळाढवळ न करण्याची आज्ञा आणि समोर आजारी पडत चाललेली, वयाच्या ४१ व्या वर्षी मरणार असलेली लेखिका, हा तिच्यापुढचा खरा पेच. प्रेमकथा त्याच्या अनुषंगाने येते.

परतण्याचा प्रश्न

नायिकेने परत यावे की तेथेच राहावे, या प्रश्नावर बहुतेक कथानके येऊन ठेपतात. हा निर्णय केवळ भावनेचा नसतो. त्या काळच्या इंग्लिश कायद्यानुसार विवाहानंतर स्त्रीचे स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व जवळपास संपत असे. तिची कमाई व जंगम मालमत्ता पतीची होई. ही स्थिती १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी पालटली. बाळंतपणातील ताप प्राणघातक ठरे. ईथरने भूल देण्याचे जाहीर प्रात्यक्षिक १८४६ साली झाले. त्यापूर्वी शस्त्रक्रिया म्हणजे काय होते, हे कादंबरीकार फॅनी बर्नी हिने १८११ मध्ये भुलेविना झालेल्या आपल्या स्तनाच्या शस्त्रक्रियेविषयी लिहिलेल्या पत्रातून कळते. हे सारे ठाऊक असणारी आधुनिक स्त्री तेथे राहण्याचे ठरवते, तेव्हा ती काय गमावते याचा हिशेब कादंबरीने मांडावा, ही वाचकाची अपेक्षा रास्त आहे. दुय्यम दर्जाच्या कादंबऱ्या नायक श्रीमंत व उदार दाखवून हा प्रश्न टाळतात.

वैभवाच्या उगमाचा प्रश्नही असाच अवघड आहे. ब्रिटनने गुलामांचा व्यापार १८०७ मध्ये बंद केला; वसाहतींतील गुलामगिरी संपवणारा कायदा मात्र १८३३ चा. कित्येक उमराव घराण्यांचा पैसा वेस्ट इंडीजमधील मळ्यांतून येई. फ्लिन यांचे प्रवासी आपण जमैकातील मळा विकून व गुलामांना मुक्त करून आलो आहोत, अशी बतावणी करतात. तुलनेसाठी ऑक्टेव्हिया बटलर यांची ‘किंड्रेड’ (१९७९) पाहण्याजोगी आहे. ती प्रणयकादंबरी नव्हे. पण तिची कृष्णवर्णीय नायिका याच सुमारास, १८१५ च्या मेरीलंडमध्ये, गुलामांच्या मळ्यावर जाऊन पोहोचते.

दूरचित्रवाणी

आयटीव्हीच्या ‘लॉस्ट इन ऑस्टिन’ (२००८) या चार भागांच्या मालिकेत नायिका अमांडा न्हाणीघरातील दारातून थेट ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’च्या कथेत शिरते आणि एलिझाबेथ बेनेट लंडनमध्ये येते. काटेकोरपणे पाहता हा कालप्रवास नव्हे, ग्रंथप्रवेश आहे. शॅनन हेल यांची ‘ऑस्टिनलँड’ (२००७) या यादीत अनेकदा घातली जाते. तिच्यात मात्र रीजन्सीचा देखावा उभारलेले विश्रामस्थळ आहे, कालप्रवास मुळीच नाही.