होडीवरचा दिवा आणि त्याचा बिघाड

घरातला दिवा आपल्याला दिसावे म्हणून लावतात. होडीवरचा दिवा आपण इतरांना दिसावे म्हणून लावतात. दर्यावरील दीपव्यवस्थेचा सारा इतिहास या एका भेदातून निघालेला आहे. कारण डोलकाठीच्या शेंड्यावरचा दिवा मंदावला तर सुकाणू धरून बसलेल्या तांडेलाला ते उमगतही नाही, आणि ज्याला ते उमगावयास हवे, तो दूरच्या आगबोटीवरचा पहारेकरी तर समोर होडी आहे हेच जाणत नाही. तेलाच्या दिव्याची जागा विजेच्या दिव्याने घेतली तेव्हा प्रकाश वाढला हे खरे. परंतु त्याचबरोबर दोष डोळ्यांआड गेला, आणि तो हुडकून काढण्याची विद्या दर्यावर्दी माणसाला नव्याने संपादन करावी लागली.

कोकणच्या किनाऱ्यावर उंडीचे तेल दिव्यांना वापरण्याची चाल जुनी आहे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉकेल आले आणि काचेचा कंदील मचव्यांवर व पडावांवर रुळला. याच काळात सरकारने किनारा उजळण्याचे काम हाती घेतले होते. खांदेरीचे दीपगृह १८६७ साली आणि मुंबई बंदराच्या तोंडाशी प्राँग्जचे दीपगृह १८७५ साली प्रज्वलित झाले. खडक कोठे आहे हे तांडेलाला अशा रीतीने कळू लागले, परंतु तांडेल कोठे आहे हे इतरांना कळविण्याचा भार त्याच्या स्वतःच्या कंदिलावरच राहिला.

या कंदिलाला कायद्याचे स्वरूप आले ते वाफेच्या जहाजांमुळे. शिडाचे जहाज वाऱ्याच्या मर्जीने चालते. आगबोट वाऱ्याच्या तोंडावरही वेगाने जाते, आणि तिची दिशा रात्री अनुमानाने ठरविता येत नाही. म्हणून इंग्लंडात १८४६ साली झालेल्या कायद्याच्या आधारे तेथील आरमार खात्याने १८४८ मध्ये हुकूम काढला, की आगबोटीने उजव्या अंगास हिरवा, डाव्या अंगास तांबडा आणि डोलकाठीवर पांढरा दिवा लावावा. हे दिवे पाहताच समोरचे जहाज कोणत्या रोखाने चालले आहे याचा बोध होऊ लागला. १८५८ मध्ये बाजूचे दिवे शिडाच्या जहाजांनाही लागू झाले, आणि ब्रिटन व फ्रान्स यांनी मिळून सिद्ध केलेल्या १८६३ च्या नियमावलीत उघड्या मच्छीमार होडीचाही विचार झाला. होडीत दोन बाजूंना दोन दिवे बसविणे परवडणारे नाही हे ओळखून तिला एकाच कंदिलाची मुभा देण्यात आली; त्याच्या एका बाजूस हिरवी आणि दुसऱ्या बाजूस तांबडी सरकती काच असावी आणि दुसरे जहाज जवळ येऊ लागताच टक्कर टळावी इतक्या अगोदर तो दाखवावा, असा तो नियम होता. हा कंदील अर्थातच हाताशी असे, आणि त्याचा प्रत्येक दोष डोळ्यांना दिसे. काच काजळली तर पुसावी, वात करपली तर कातरावी, तेल सरले तर घालावे. यापलीकडे त्यात गूढ असे काही नव्हते.

विजेचे आगमन प्रथम मोठ्या जहाजांवर झाले. फ्रान्समध्ये गॅस्तों प्लांते याने १८५९ साली शिशाच्या पत्र्यांची, पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी तयार केली. अमेरिकेत १८८० साली 'कोलंबिया' या आगबोटीवर एडिसनचे दिवे लागले. आणि पुढल्याच वर्षी गुस्ताव त्रूवे याने पॅरिसच्या सेन नदीत विजेच्या मोटरीवर चालणारी लहान नौका फिरवून दाखविली. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर या नवलाची साक्ष 'वैतरणा' या आगबोटीने दिली. कच्छमधील मांडवी आणि मुंबई यांच्या दरम्यान फेऱ्या करणाऱ्या या बोटीवरील विजेच्या दिव्यांचे लोकांना इतके अप्रूप वाटले, की मूळ नाव मागे पडून ती 'वीजळी' म्हणूनच सर्वत्र ओळखली गेली. १८८८ च्या नोव्हेंबरात सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत ती वादळात सापडून शेकडो उतारूंसह नाहीशी झाली.

लहान होडीपर्यंत वीज पोचण्यास मात्र पुष्कळ काळ जावा लागला, कारण तिला वीज पुरविणारे इंजिनच होडीत नव्हते. स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १९५० नंतरच्या दशकात, सरकारी साहाय्याने किनाऱ्यावरील मच्छीमार नौकांवर डिझेल इंजिने बसू लागली. इंजिनाबरोबर डायनामो आला, डायनामोबरोबर बॅटरी आली, आणि बॅटरीबरोबर बारा किंवा चोवीस व्होल्टचे दिवे आले. लोखंडी मोटारीत विजेला परतीची वाट गाडीच्या सांगाड्यातूनच मिळते. लाकडी होडीत तशी सोय नसल्यामुळे प्रत्येक दिव्याला जाणारी आणि येणारी अशा दोन तारा ओढाव्या लागल्या. तारा दुप्पट झाल्या म्हणजे सांधे दुप्पट झाले, आणि होडीवरील विजेचा बिघाड बहुधा सांध्यातच दडून बसतो.

असे का व्हावे, याचा उलगडा होडीवर वीज येण्याच्या कितीतरी आधी झालेला होता. जहाजांच्या तळावर ठोकलेला तांब्याचा पत्रा खाऱ्या पाण्याने खाल्ला जातो, अशी ब्रिटिश आरमाराची जुनी तक्रार होती. सर हम्फ्री डेव्ही याने १८२४ साली दाखवून दिले, की हा विद्युत्-रासायनिक व्यापार आहे, आणि तांब्याला जस्त किंवा लोखंड जोडले असता ते स्वतः झिजून तांब्याचे रक्षण करतात. त्या योजनेने तांबे वाचले. परंतु अक्षत तळावर शेवाळ व कालवे माजून जहाजांची गती मंदावली, म्हणून ती सोडून द्यावी लागली. तिच्यामागील सिद्धांत मात्र अबाधित राहिला, आणि होडीवरचा दिव्याचा होल्डर हे त्याचे छोटेसे प्रात्यक्षिकच होय. तेथे पितळ, तांबे, लोखंड आणि डाख एकमेकांस चिकटून असतात. त्यांवर खारट दमटपणा बसतो. आणि त्यात बॅटरीचा प्रवाह झिरपू लागला, की धन बाजूचे तांबे झपाट्याने विरघळू लागते. तारेवरील वेष्टण वरून धड दिसते आणि आतला तांब्याचा पदर जंगाल चढून काळाहिरवा व ठिसूळ झालेला असतो. यावर निघालेला उपाय आपल्या स्वयंपाकघराला पूर्वीपासून ठाऊक आहे: पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकू नये म्हणून जशी कल्हई करतात, तशीच नौकांसाठीच्या तारेतील प्रत्येक तंतूला कथलाची कल्हई केलेली असते. साध्या घरगुती तारेहून ती महाग पडते, म्हणून पुष्कळ ठिकाणी ती टाळली जाते आणि दोन पावसाळ्यांत त्याचे फळ मिळते.

आता बिघाड प्रत्यक्ष कसा शोधतात ते पाहू. डोलकाठीवरचा बारा व्होल्टचा, २५ वॉटचा दिवा पिवळट जळत आहे असे समजा. या दिव्यातून सुमारे दोन अँपिअर प्रवाह जातो. वाटेतल्या एखाद्या गंजलेल्या सांध्याने अवघा एक ओहम अवरोध उत्पन्न केला, तरी दोन व्होल्टच्या आसपास दाब तेथेच खर्ची पडतो आणि दिव्याच्या वाट्याला दहाच्या जवळपास व्होल्ट उरतात. दाब इतका घटला म्हणजे तंतूच्या बल्बचा प्रकाश चाळीस टक्क्यांच्या आसपास कमी होतो, हे तांडेलाला भोवते. नव्हे, हे त्याला कळत नाही म्हणून भोवते. अनभिज्ञ माणूस अशा वेळी बल्ब काढून होल्डरात मापकाच्या काड्या धरतो, त्याला बारा व्होल्ट पुरेपूर दिसतात, आणि तारांना निर्दोष ठरवून तो नवा बल्ब आणावयास बाजारात जातो. मापकातून प्रवाह नाममात्र वाहतो, म्हणून सांध्याचा दोष त्याच्यापुढे उघडा पडत नाही. जाणकार मिस्त्री दिवा पेटता ठेवून तपास करतो. तो एक काडी बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरी दिव्याच्या धन टोकाला लावतो. त्या वाटेवर हरवलेले व्होल्ट मापक सरळ सांगून टाकतो. मग दुसरी काडी तो एकेक सांधा मागे आणतो, बटण, फ्यूज, जोडपट्टी असे करीत, आणि ज्या ठिकाणी आकडा एकदम ढळतो त्याच्या पलीकडच्या सांध्यात दोष असल्याचे जाणतो. यानंतर हीच तपासणी तो परतीच्या तारेवर करतो. तिकडे दुर्लक्ष करण्याची खोड फार जणांना असते.

दोष न शोधता फ्यूज उडतो म्हणून जाड तार बांधणे आणि दिवा मंद जळतो म्हणून अधिक वॉटचा बल्ब बसविणे, ही दोन घातक कृत्ये होत. पहिल्याने लाकडी होडीला आग लागू शकते. दुसऱ्याने प्रवाह वाढून सांधा अधिक तापतो आणि दोष बळावतो.

१९७२ साली ठरलेल्या आणि १९७७ पासून अंमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बारा मीटरहून लहान नौकेचा डोलकाठीवरचा दिवा दोन सागरी मैलांवरून आणि बाजूचे दिवे एका मैलावरून दिसले पाहिजेत. नव्या एलईडी दिव्यांना प्रवाह थोडा लागतो, म्हणून सांध्याचा दोष त्यांना पूर्वीइतका बाधत नाही; तरी काही एलईडी दिवे रेडिओच्या ग्रहणात व्यत्यय आणतात, असा इशारा अमेरिकेच्या तटरक्षक दलाला २०१८ मध्ये द्यावा लागला. साधन पालटले तरी तपासाची गरज संपत नाही.

आमच्याकडे पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून त्यांची डागडुजी करण्याचा शिरस्ता पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. फळ्यांचे सांधे तेव्हा निगुतीने तपासले जातात, कारण तेथून पाणी शिरेल हे प्रत्येक खलाशी जाणतो. नारळी पौर्णिमेस होडी पाण्यात लोटण्यापूर्वी तारांचे सांधेही त्याच निगुतीने उघडून पाहिले जावेत, आणि ही विद्या शहरातल्या मिस्त्रीपुरती न राहता तांडेलाच्या मुलाला जाळे विणण्याबरोबरच शिकविली जावी, असे आम्हांस मनापासून वाटते. कारण तो दिवा जळतो आहे की नाही याची जबाबदारी भर दर्यात त्याच्याखेरीज दुसरा कोणीही घेऊ शकत नाही.