जुन्या हातकड्यांचा संग्रह

पोलीस आणि तुरुंग यांच्या वापरातून बाद झालेल्या हातकड्या, पायबेड्या व त्यांच्या किल्ल्या जमविण्याच्या छंदाला हातकड्यांचा संग्रह असे म्हणतात. हा छंद मुख्यत्वे ब्रिटन व अमेरिकेत रुजला. नाणी किंवा टपाल तिकिटे यांच्या मानाने त्याचे संग्राहक थोडे असून कुलपांची रचना, पोलिसांचा इतिहास किंवा जादूचे प्रयोग यांपैकी एखाद्या वाटेने ते या छंदाकडे वळतात.

प्रमुख प्रकार

'डार्बी' ही एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश पोलिसांची परिचित हातकडी होय. तिची किल्ली फिरवून नव्हे, तर स्क्रूप्रमाणे आत पिळत नेऊन आतील स्प्रिंग मागे खेचावी लागते. कड्याचे माप ठरलेले असल्याने बारीक मनगट निसटे, जाड मनगटावर कडे बसतच नसे. बर्मिंगहॅमच्या हायट कंपनीचा शिक्का असलेले नमुने विशेष प्रसिद्ध आहेत. डब्ल्यू. व्ही. ॲडम्स यांच्या १८६२ मधील अमेरिकी पेटंटाने दातेरी कडे आणून मापाची ही अडचण दूर केली. जॉन टॉवर यांनी पुढे त्याला दुहेरी कुलपाची जोड दिली. जॉर्ज कार्नी यांच्या १९१२ च्या पेटंटावर आधारलेल्या 'पीअरलेस' हातकडीचे कडे आरपार फिरते व एका झटक्यात बसते. आजच्या बहुतेक हातकड्या याच धाटणीच्या आहेत.

जादूगार हॅरी हुदिनी याच्यामुळे या वस्तूंना वलय लाभले. मार्च १९०४ मध्ये लंडनच्या हिप्पोड्रोम नाट्यगृहात 'डेली मिरर' या दैनिकाने आणलेल्या खास हातकडीतून त्याने तासाभराहून अधिक वेळाने सुटका करून घेतली.

बनावट वस्तू व वाद

या छंदातील सर्वांत नाजूक भाग गुलामांच्या बेड्यांचा आहे. गुलामगिरीविरोधी कार्यकर्ते थॉमस क्लार्कसन यांनी १७८७ मध्ये लिव्हरपूलच्या एका दुकानातून हातकड्या, पायबेड्या व अंगठे चिरडण्याचे यंत्र विकत घेतले आणि गुलामांच्या व्यापाराचा पुरावा म्हणून ते लोकांपुढे मांडले. अशी वस्तू काचेच्या कपाटात शोभेसाठी ठेवावी काय, हा प्रश्न त्यामुळे केवळ किमतीचा राहत नाही. बाजारात 'गुलामांची बेडी' म्हणून विकले जाणारे पुष्कळ नमुने तर अलीकडे घडवून मुद्दाम गंजविलेले असतात. भारतात तयार झालेल्या डार्बीच्या प्रतिकृतीही परदेशी बाजारात अस्सल म्हणून खपविल्या जातात. ओबडधोबड ओतकाम, सैल बसणारा स्क्रू आणि प्रसिद्ध तुरुंगाचे ठळक नाव या खुणा दिसल्यास सावध व्हावे. जुना शिक्का सहसा लहान व झिजलेला असतो.

जतन

गंज घासून लोखंड चकचकीत केल्यास शिक्का पुसला जातो व वस्तूचे मोल घटते. हलके तेल पुरेसे असते. मूळ किल्लीसह मिळालेली हातकडी अधिक मोलाची मानतात. किल्ली हाती नसताना जुनी हातकडी मनगटावर चढवून पाहू नये; आतील स्प्रिंग गंजून अडकलेली असू शकते.